सेमिनरीला जाण्याआधी: नगरच्या एका मुलीच्या प्रश्नांना उत्तर

प्रश्न असा आला आहे: "मी 25 वर्षांची, मूळची नगरची. बी.एस्सी. कॉम्प्युटर झालंय, पुण्यात नोकरी करते. आमची मंडळी सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची). पूर्णवेळ सेवेचं पाचारण आहे, हे दोन वर्षांपासून मनात घट्ट बसलंय. वडिलांना पटत नाही. बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) करू की एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी)? कुठे करू? तिथे शिकून विश्वास डळमळतो म्हणतात, खरं का? मुलगी म्हणून मला मंडळी मिळेल का? शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी बेताचं आहे. मला तुमच्या मुलीसारखं समजून स्पष्ट सांगा."

मुलीसारखं म्हणालीस, तर 'तू'च म्हणतो. मी अकरा वर्षं खेड्यातल्या मंडळ्यांत, म्हणजे गावोगावच्या चर्चमध्ये, पाळक होतो आणि नंतर सतरा वर्षं सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, पाळकीय सेवा हा विषय शिकवला. तू मराठी माध्यमाचा मुद्दा शेवटी, जरा संकोचून लिहिलास. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे, पण आधी पदव्यांचं सांगतो, कारण अर्ज त्यावर अडतो.

प्रॉटेस्टंट बाजूला दोन मोठ्या वाटा आहेत. पहिली सेरामपूरची. हे हुगळी नदीकाठचं, बंगालमधलं सेरामपूर. आपल्या जिल्ह्यातल्या श्रीरामपूरशी त्याचा संबंध नाही. हे सांगतो, कारण नगरकडच्या घरांत या नावावरून हमखास घोळ होतो. विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी 1818 मध्ये तिथे कॉलेज काढलं. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाने सनद दिली आणि पदव्या देण्याचा अधिकार त्या सनदेतून आला. पुढे 1918 मध्ये बंगालच्या विधिमंडळाने त्यावर कायदा केला. आज देशभरातल्या कितीतरी सेमिनऱ्या सेरामपूरच्या सिनेटला जोडलेल्या आहेत. शिकायचं कुठेही, पदवी सेरामपूरची. बी.डी. ती हीच. आधीचं शिक्षण किती झालंय त्यावर चार-पाच वर्षं लागतात. त्यात जुना करार, नवा करार, ग्रीक-हिब्रू, मंडळीचा इतिहास, ईश्वरविज्ञान, इतर धर्मांचा अभ्यास, नीतिशास्त्र, उपदेशशास्त्र, समुपदेशन, सगळं येतं.

दुसरी वाट एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची, जिला सगळे एटीए म्हणतात. ही संस्था 1970 ची, आणि तिची मान्यता असलेली एम.डिव्ह. पदवीधरांसाठी साधारण तीन वर्षांची असते. अभ्यास तिथेही कसून करून घेतात. पण तुला सीएनआयमध्ये पाळकपदाची दीक्षा हवी असेल आणि पुढेमागे एम.टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी) करायचं मनात असेल, तर बी.डी. हा राजरस्ता आहे. तुझा धर्मप्रांत काय मान्य करतो ते बिशपच्या कार्यालयात लेखी विचार. 'चालेल बहुतेक' या तोंडी उत्तरावर तीन वर्षं घालवलेली आणि नंतर रडलेली मुलं मी पाहिली आहेत.

कुठे, याचं उत्तर त्यामानाने सोपं आहे. पुण्यातच युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. ती 1953 मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि 1983 मध्ये पुण्याला आली. बंगळूरचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज 1910 चं, कोलकात्याचं बिशप्स कॉलेज 1820 चं. (तुझ्या वसईच्या मैत्रिणी असतील तर त्यांच्यासाठी: कॅथोलिक बाजूची रचना वेगळी आहे. धर्मगुरू व्हायला तत्त्वज्ञान, ईश्वरविज्ञान आणि बाकीची तयारी मिळून आठ-दहा वर्षं जातात. पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात मात्र धर्मभगिनी आणि प्रापंचिक माणसंही ईश्वरविज्ञान शिकतात.) घराजवळची सेमिनरी की लांबची, असं विचारशील तर मी घराजवळची म्हणेन, आणि त्याचं कारण पुढे येतंच.

आता मराठीचं. बी.डी. करून मी पहिल्या मंडळीत गेलो, तो सगळा उसाचा पट्टा. जाऊन दोन महिने झाले असतील, तोच एका घरातला तेवीस वर्षांचा नातू ट्रॅक्टरखाली गेला. माझा पहिलाच अंत्यविधी. मी रात्रभर बसून उपदेश लिहिला. 'युगान्तविषयक आशा' असा शब्दही त्यात होता, आणि तो मला फार भारदस्त वाटला होता. दफन झाल्यावर त्या मुलाच्या आजीने माझा हात धरला. म्हणाली, "पाळकसाहेब, बोल्ला तुम्ही चांगलं. पर माझ्या आतड्याला पीळ पडलाय, त्याचं कायच सांगितलं न्हाई."

त्या रात्री झोप आली नाही. लूकच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय काढला. नाईन गावाच्या वेशीवर येशूला प्रेतयात्रा भेटते. विधवेचा एकुलता एक मुलगा गेलेला असतो, आणि तिला पाहून प्रभूला 'कळवळा आला' असं आपण मराठीत वाचतो. मूळ ग्रीकमध्ये तिथे जे क्रियापद आहे, 'स्प्लांख्निझोमाइ', ते 'स्प्लांख्ना' या शब्दावरून आलंय. स्प्लांख्ना म्हणजे पोटातले अवयव, आतडी. परीक्षेत या शब्दावर मी पानभर लिहून चांगले मार्क घेतले होते. आणि मातीत हात भरलेल्या त्या आजीने तोच शब्द मला तिच्या बोलीत सांगितला होता. मला तो ऐकूच आला नव्हता, कारण मी इंग्रजीत शिकलेलं पुस्तकी मराठीत उतरवत होतो आणि समोरची बाई माझ्या लेखी नव्हतीच. तेराव्या दिवशी त्या घरी गेलो. लूकचा तोच भाग वाचला आणि एवढंच म्हणालो, "आजी, त्या बाईला बघून येशूच्या आतड्यालाही पीळ पडला होता, असं मूळ शास्त्रात लिहिलंय." आजी काही बोलली नाही, पण रडली. त्या घरात त्या दिवसापर्यंत ती रडली नव्हती.

हिब्रूतही असंच आहे. करुणेला तिथे 'रहमीम' म्हणतात आणि 'रेहेम' म्हणजे गर्भाशय. आपल्याकडे 'पोटची माया' म्हणतात, 'पोटात कालवतं' म्हणतात. म्हणजे इंग्रजीत ज्या शब्दांसाठी तळटीप द्यावी लागते, ते आपल्या आयाबाया रोज बोलतात. मराठी माध्यमातून आल्याचा तुला संकोच वाटतो ना? ग्रीक-हिब्रूच्या वर्गात तोच तुझा ठेवा ठरेल, त्याचा वापर करायला मात्र कोणी शिकवणार नाही, तो तुझा तू करायचा.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी एक वही करायला लावत असे. आठवड्यात जे इंग्रजी शब्द नव्याने शिकलात, ते डाव्या पानावर. उजव्या पानावर शब्दकोशातला प्रतिशब्द लिहायचा नाही, घरच्या माणसाला कसं सांगाल ते लिहायचं. एका मुलाला फिलिप्पैकरांच्या पत्रातला ख्रिस्ताने 'स्वतःला रिक्त केले' हा भाग आला होता. त्यावर जगभर मोठमोठे वाद आहेत, केनोसिस म्हणतात त्याला. त्याने लिहिलं: 'भरलेली घागर दुसऱ्याच्या रांजणात पालथी केली.' वाद त्याने मिटतो असं नाही. पण दुष्काळी गावात त्या मुलाने हे वाक्य उच्चारलं तेव्हा लोकांनी माना वर केल्या, ते मी मागच्या बाकावरून पाहिलंय. घराजवळची सेमिनरी निवड म्हणालो ते यासाठी. शनिवार-रविवारी मराठी मंडळीत जायला मिळायला हवं. सोमवारी जे इंग्रजीत ऐकलं, ते रविवारपर्यंत मराठीत कोणाला तरी, संडे स्कूलच्या पोरांना का होईना, सांगून झालेलं हवं. चार वर्षांनी एकदम भाषांतर करायला बसलं की जमत नाही. तोवर विचारच इंग्रजीत व्हायला लागतो.

हे काम आपल्याकडे फार जुनं आहे, तू पहिली नाहीस. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स गोव्यात बसून ख्रिस्ताची कथा ओवीत लिहून गेला, ती 1616 मध्ये छापली गेली, दहा हजारांवर ओव्या आहेत. कॅरीच्या सेरामपूरहून 1805 मध्ये मराठीचं व्याकरण निघालं आणि 1811 मध्ये मराठी नवा करार. नगरला आपल्या लोकांनी कीर्तनाचा साज घेऊन शुभवर्तमान गायलं. ना. वा. टिळकांचे अभंग तू लहानपणापासून उपासनेत गात आलीस. आणि पंडिता रमाबाई! संस्कृतवर एवढी हुकूमत असलेली बाई, उतारवयात केडगावला ग्रीक-हिब्रू घेऊन बसली, का तर साध्या बायकांना वाचता येईल असं सोप्या मराठीतलं बायबल हवं होतं. मुक्ती या त्यांच्या संस्थेच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही बायकाच होत्या. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, पूर्ण बायबल त्यानंतर 1924 मध्ये बाहेर आलं. पहिल्या सत्रात हिब्रूची क्रियापदं डोक्यात जाईनाशी झाली की हे आठव.

इंग्रजी बेताचं असण्याची भीती मात्र मी हसण्यावारी नेत नाही. पहिलं वर्ष जड जातं. वाचन फार असतं आणि ईश्वरविज्ञानाचं इंग्रजी कॉम्प्युटरच्या इंग्रजीपेक्षा निराळं. आतापासून रोज दोन पानं वाच, आणि वाचलेल्या पानाचा सार पाच ओळींत लिही. एवढ्याने पहिल्या वर्षी पाय टेकतील.

वर्गाबाहेर काय शिकवतात, हे प्रवेशाआधी जरूर विचार. चांगल्या सेमिनरीत विद्यार्थ्याला दवाखान्यात पाठवतात. 1925 मध्ये अमेरिकेत अँटन बॉयसन या पाळकाने मनोरुग्णालयात विद्यार्थ्यांना नेऊन ही पद्धत सुरू केली. तो स्वतः अशा रुग्णालयात रुग्ण म्हणून राहिलेला होता. पुस्तक वाचतो तितक्याच बारकाईने समोरचा माणूस वाचायचा, असा त्याचा आग्रह. विद्यार्थ्याने रुग्णाशी झालेलं बोलणं आठवून शब्दन् शब्द लिहून आणायचं, मग ते सगळ्यांसमोर वाचायचं. साखरेमुळे पाय सडलेल्या एका शेतकऱ्याशी झालेलं असं एक बोलणं एका विद्यार्थ्याने माझ्याकडे आणलं होतं. त्यातला 'मी' म्हणजे तो विद्यार्थी.

रुग्ण: रात्री झोप लागत नाही.
मी: देवावर भार टाका.
रुग्ण: पाय कापायचा म्हणतात.
मी: आपण स्तोत्र 23 वाचू या.
रुग्ण: वाचा.

त्या 'वाचा'खाली मी फक्त एक रेघ मारली होती. मुलगा वाचता वाचता तिथे थांबला आणि बराच वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "सर, मी पळालो." दुसऱ्या आठवड्यात तो पुन्हा त्याच खाटेपाशी गेला आणि पाय नसताना औत कसं धरणार, यावर तो शेतकरी त्याच्याशी तासभर बोलला. स्तोत्र त्या शेतकऱ्यानेच मागून घेतलं, शेवटी. उपदेशशास्त्राच्या बाराशे पानांत मावणार नाही एवढं तो मुलगा त्या दोन आठवड्यांत शिकला. जिथे असं काही नाही, सगळं वर्गातच आहे, किंवा सगळंच ऑनलाइन आहे, तिथे पाळक घडण्याची आशा धरू नकोस. ज्ञान मिळेल.

आपल्या मंडळ्यांबद्दल आणखी एक. नगर, जालना, सोलापूर, कुठेही जा, आपली बहुतेक माणसं दलित घरांतून आलेली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला, 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. त्यामुळे लोक बाप्तिस्म्याचा दाखला मागायला येतात आणि मागायला घाबरतातही, कारण कागदावर ख्रिस्ती ठरलं की सवलत जाते. मुलाच्या फीसवलतीचा प्रश्न पाळकाच्या टेबलावर येतो आणि तिथे तुला विवेक आणि माया दोन्ही लागतात. याचा विचार करायला शिकवणाऱ्यांत आपलाच एक मराठी माणूस होता, अरविंद निर्मळ. 1981 मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी भाषण केलं, आणि भारतीय ईश्वरविज्ञान आजवर वरच्या जातींच्या तत्त्वज्ञानाशीच का बोलत आलं, असं थेट विचारलं. दलित ईश्वरविज्ञान म्हणून आज जे शिकवतात त्याची ती सुरुवात धरतात. तू जिथे जाशील तिथे हा विषय कोण आणि किती मनापासून शिकवतो, याची चौकशी कर. नुसता अभ्यासक्रमात असून भागत नाही.

विश्वास डळमळतो का? हो, पुष्कळांचा डळमळतो, बहुधा दुसऱ्या वर्षी. बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत वेगवेगळ्या लेखनपरंपरा गुंफलेल्या आहेत, यशयाचा ग्रंथ वेगवेगळ्या काळात आकाराला आला, असं विद्वान मानतात हे वर्गात कळतं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातल्या 9 ते 20 या ओळी सिनाय आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या जुन्या हस्तलिखितांत नाहीत, हे कळतं. माझा एक विद्यार्थी मार्कच्या त्या पानानंतर तीन आठवडे सकाळची प्रार्थना चालवायला उभा राहिना. लहानपणी त्याच्या घरी आजाऱ्याच्या उशाशी त्याच ओळी वाचल्या गेल्या होत्या. मी त्याला युक्तिवाद दिले नाहीत. आठव्या ओळीपाशी थांबून शुभवर्तमान पुन्हा वाच म्हणालो. तिथे स्त्रिया रिकाम्या कबरेपासून थरथरत पळतात आणि भीतीने कोणाला काही सांगत नाहीत. काही दिवसांनी तो म्हणाला, "सर, त्याही घाबरल्या होत्या, आणि तरी गोष्ट आपल्यापर्यंत आलीच." त्याच्या विश्वासाला तिथून पुन्हा पालवी फुटली. तो आज मराठवाड्यात पाळक आहे. माझं म्हणणं असं: शंका आली की ती वर्गात विचार, प्रार्थनेत देवाला सांग, आणि एका वडीलधाऱ्या पाळकापाशी बोल. मात्र जे अजून पचलेलं नाही ते सुट्टीत घरी येऊन व्यासपीठावरून सांगू नकोस. त्याने म्हातारीकोतारी माणसं दुखावतात, आणि तुझ्या मनातला गुंता तर तसाच राहतो.

स्त्री म्हणून. सीएनआयमध्ये स्त्रियांना दीक्षेची दारं उघडी आहेत. दक्षिण भारतीय मंडळीत तर 2013 मध्ये पुष्पा ललिता नंद्यालच्या बिशप झाल्या. नियम तुझ्या बाजूने आहे, पण सवय अजून तितकी नाही. शिकलेल्या बाईला वसतिगृह, शाळा नाही तर महिला मंडळ सांभाळायला दिलं जातं आणि मोठी मंडळी तिच्या वर्गमित्राला. मला याचं फार वाईट वाटतं, कारण प्रसूतीत बाळ गेलेल्या, नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायका माझ्याशी कधी मोकळं बोलल्या नाहीत. त्या माझ्या पत्नीशी बोलत. सेवेचा तेवढा मोठा भाग मी पाळक असून माझ्या हाती आलाच नाही. तेव्हा अर्ज करण्याआधी बिशपांना भेट आणि सरळ विचार: दीक्षेनंतर मला मंडळी द्याल का? आणि आधीच मंडळी चालवत असलेल्या एखाद्या दीदीसोबत चार दिवस राहून ये. रात्री अकराला दारावर थाप पडते तेव्हा ती काय करते ते बघ.

वडिलांवर रागावू नकोस. पाळकाचं मानधन कमी असतं, वेळेवर येईल याची खात्री नसते, बदल्या होतात, घर मंडळीचं असतं. हे त्यांना माहीत आहे आणि म्हणूनच ते नको म्हणत असतील. माझा सल्ला, नोकरी लगेच सोडू नकोस. सेरामपूरच्याच व्यवस्थेत प्रापंचिक लोकांना घरी बसून करता येतो असा ख्रिस्ती अभ्यासाचा पदविका आणि पदवी अभ्यासक्रम आहे. एक वर्ष तो कर, जमेल तेवढे पैसे बाजूला टाक, रविवारी मंडळीत काम कर. महिन्यातून एकदा वडिलांना सोबत घेऊन दुखणेकऱ्यांच्या गृहभेटीला जा. त्यांचं मन कशाने वळलं तर माझ्या या लांबलचक उत्तराने वळणार नाही, तू एखाद्या म्हाताऱ्याच्या उशाशी बसलेली त्यांनी पाहिली तर वळेल.

वर्षभराने पाचारण तसंच घट्ट असेल तर तुझ्या पाळकसाहेबांकडे शिफारसपत्र माग. सेमिनरीला मंडळीचं पत्र लागतंच, आणि मंडळीच्या कमिटीपुढे उभं राहून आपलं पाचारण सांगणं ही पहिली परीक्षा समज. तोवर एक चौकटीची वही आण आणि हिब्रूची अक्षरं उजवीकडून डावीकडे गिरवायला लाग. आलेफ, बेथ, गिमेल, दालेथ, अशी बावीसच आहेत. रोज एक काढलंस तरी महिन्याच्या आत होतील. स्तोत्र 119 चे बावीस भाग याच अक्षरांवर बांधलेले आहेत, प्रत्येकात आठ ओळी. अक्षर शिकलीस की त्याच दिवशी त्याचा भाग मराठीत मोठ्याने वाच.